न केलेला जप

ज्या दिवशी देवळात एका अनोळखी बाईने माझ्या पायांवर डोके ठेवले, त्या दिवशी घरी येऊन मी आरशावर टॉवेल टाकला. माझे ओठ अखंड नामस्मरणात हलतात असा तिचा समज झाला होता. ते नामस्मरण नव्हे, हे मला पक्के माहीत होते. ते काय आहे, हे मात्र माहीत नव्हते. माझे तोंड माझ्या नकळत हलत होते, आणि ते कोण हलवते आहे हा प्रश्न मी स्वतःलाही पुरा विचारायला धजत नसे. या भीतीच्या दिवसांबद्दल मी आजवर लिहिले नाही. लिहायला घेतले की लाज वाटायची. आता वय झाले आहे, आणि ज्या कृपेने मी त्यातून निघाले तिची नोंद न ठेवता जाणे बरे नव्हे, म्हणून सावकाश, आठवेल तसे लिहिते आहे.

मी आणि माझी थोरली बहीण नारायण पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. ताई शाळेत शिकवायची, मी एका छापखान्यात मुद्रिते तपासायची. दोघींनीही लग्न केले नाही. तिने का केले नाही हे मी तिला कधी विचारले नाही, कारण उत्तर मीच होते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला मोठा मानसिक आजार झाला. मी वाचायला बसले की भिंतीपलीकडून कुणीतरी तोच मजकूर वाचू लागे, आणि माझ्या एक ओळ पुढे असे. मी ओळीवर बोट ठेवायचे, तोवर तो आवाज खालच्या ओळीवर गेलेला असायचा. पुढे पुढे कागद नसतानाही तो वाचू लागला, आणि जे वाचायचा ते माझ्याविषयीच असायचे. शेवटी मी तीन दिवस आतून कडी लावून बसले होते. ताईने सुतार बोलावून बिजागऱ्या काढल्या, मला बाहेर आणले आणि डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत तो आवाज थांबला. त्यानंतरची सोळा वर्षे जेवण झाले की ताई माझ्या तळहातावर गोळी ठेवायची, तीर्थ देतात तशी, आणि मी ती घ्यायची. त्या गोळीने मला माझे वाचन परत दिले, नोकरी परत दिली. हे आधी सांगायला हवे, नाहीतर पुढचे वाचून कुणी गोळ्यांनाच दोष देईल.

चैत्रात ताई गेली. हृदयविकाराने, दोन दिवसांत. दर तीन महिन्यांनी ती मला डॉक्टरांकडे घेऊन जायची. तिच्यामागे मी एकटीने कधी गेलेच नाही. जुनी चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानातून गोळ्या मिळत. तेवढ्यावर मी चालवले. डॉक्टरांनी ताई कुठे आहे असे विचारले असते, आणि ती नाही हे वाक्य मला माझ्या तोंडाने बोलायचे नव्हते.

तोंडाचे आधी माझ्या लक्षातच आले नाही. आमच्या छापखान्यात मुद्रिते तपासायला दोघे बसत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. माझ्याबरोबर प्रत वाचणारे एक वयस्कर गृहस्थ होते, फार कमी बोलणारे. एके दिवशी चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, “बाई, आपण तंबाखू खायला केव्हापासून लागलात?” मला ती थट्टा कळली नाही. त्या संध्याकाळी मी आरशापुढे बसले. सुरुवातीला काही झाले नाही. मग मनात ताईचा काहीतरी विचार आला, क्षणभर लक्ष सुटले, आणि आरशातल्या बाईचा खालचा ओठ पुढे आला, मागे गेला. जीभ एका गालातून दुसऱ्या गालात फिरली. जबडा रवंथ केल्यासारखा हलला. मी घाबरून ओठ दाबून धरले; ते थांबले. लक्ष ढळले, पुन्हा सुरू झाले. मी आज्ञा केली तर ऐकायचे, पाठ फिरवली की आपले काम चालू करायचे, असे त्याचे वागणे होते. जणू माझ्या चेहऱ्यात कुणीतरी भाड्याने राहायला आले होते.

त्या दिवसापासून मी चारचौघांत जेवणे सोडले. घास तोंडात असताना जीभ दातांखाली येई. छापखान्यात मी तोंडासमोर रुमाल धरून बसू लागले, आणि सर्दी झाली आहे असे सांगू लागले. पण सर्दी तरी किती महिने सांगणार? मोठ्याने प्रत वाचायची पाळी आली की मात्र जीभ माझ्या कह्यात यायची. बोलताना ती कामाला लागलेली असे. थांबले की तिचे स्वतःचे काम सुरू.

घरात शांतता सोसेना म्हणून मी ताईच्या देवळात जाऊ लागले. आमच्या पेठेतच, गल्लीच्या आत, दत्ताचे लहानसे देऊळ आहे. ताई गुरुवारी जायची. मी रोज संध्याकाळी जाऊन खांबाशी बसायची. देवाशी बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. खरे सांगायचे तर मी रागावले होते. नेणे होते तर जिला कुणाचीही गरज नव्हती तिला का नेले, जिला एकटीने राहता येत नाही तिला मागे का ठेवले, एवढेच मनात चाले. आणि ते चालू असताना माझे तोंड आपल्या नादात हलत असे.

देवळातल्या बायकांचे सगळे इंदूमावशी बघत. साठी ओलांडलेल्या, ताठ, तिरकस बोलणाऱ्या, आणि कुणाचेही अडले तर पहिल्या उठणाऱ्या. श्रावणात एकदा आरती संपल्यावर काही बायका गप्पा मारत बसल्या होत्या, तर माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “जरा तिकडे बघा. बहीण गेली तरी बाईंचं नाम एक क्षण थांबत नाही. आपलं तोंड चालतं ते फक्त भाजीच्या भावावर.” सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी उठून जायला हवे होते. मी मान खाली घातली, आणि तीही त्यांना विनयाची वाटली. नंतर कुणीतरी कोणते नाम घेता असे विचारले. मी म्हणाले, “ते सांगायचं नसतं.” गुरूने दिलेला मंत्र सांगायचा नसतो हे खरेच आहे. पण मला कुणी गुरू नव्हता आणि कुणी मंत्र दिलेला नव्हता. ते खोटे मी ठरवून बोलले नाही, भीतीने बोलले. वेडी म्हणण्याऐवजी हे लोक मला साध्वी म्हणताहेत, तर म्हणू देत, असे वाटले. पण पुढे मी ते दुरुस्तही केले नाही. मुद्रितात चूक दिसूनही ती तशीच जाऊ द्यावी, तसे.

मग पाया पडणे सुरू झाले. परीक्षेला जाणाऱ्या मुली येत. एक बाई आजारी नातवाला घेऊन आली आणि माझा हात उचलून तिने त्याच्या कपाळाला लावला. त्या पोराचे कपाळ तापाने भाजत होते, आणि माझ्या तोंडात जीभ गरागरा फिरत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते की मला काही येत नाही, मला सोडा. तो मुलगा बरा झाला. तापाचे पोर चार दिवसांत बरे होतेच. पण त्यामुळे माझी सुटका आणखी अवघड झाली. एक गोष्ट मात्र मला त्या दिवसांत कळली आणि ती मी कुणाला सांगू शकले नाही. घाबरून कधी मी खरोखरच देवाचे नाव घेऊ लागले, तर तेवढा वेळ ओठ बरेच शांत होत. म्हणजे मी जप करत असे तेव्हा जप दिसत नव्हता, आणि सोडला की लोकांना दिसायला लागे.

दिवाळीच्या सुट्टीत मी वाचनालयात एक जाड वैद्यकीय ग्रंथ काढून बसले. माझ्या गोळीचे नाव शोधले. बारीक टायपात लिहिले होते की ही औषधे अनेक वर्षे घेतल्यावर काही रुग्णांमध्ये तोंड, जीभ आणि हातापायांच्या आपोआप हालचाली सुरू होतात आणि त्या कायम राहू शकतात. ‘कायम’ या अर्थाच्या त्या शब्दावर माझी नजर खिळली. त्याच्यापुढेही काही ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. आयुष्यभर ओळ न ओळ तपासणारी मी, त्या दिवशी अर्ध्या परिच्छेदावर पुस्तक मिटले, घरी आले, आणि ठरवले की आता ही गोळी घ्यायची नाही. डॉक्टरांना विचारले नाही. कुणालाच विचारले नाही. मनात आणखी एक चोरटा विचार होता: इतके लोक माझ्यात देव बघताहेत, तर देवही मला थोडा सांभाळेल. याला मी श्रद्धा म्हटले. ती श्रद्धा नव्हती. डॉक्टरांपुढे एकटीने जायच्या भीतीने श्रद्धेचे कपडे घातले होते, इतकेच.

पहिले दहा-बारा दिवस बरे गेले. मग झोप गेली. तोंड कमी हलायच्या ऐवजी दुपटीने हलू लागले, बोटेही आपोआप पेटी वाजवल्यासारखी उठू लागली, खांदा मधूनच उडू लागला. मला वाटले, विष निघून जाताना असेच होत असेल. आणि एका सकाळी मी निवडायला मेथी घेऊन बसले असताना स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, “अगं, दूध बघ.”

मी उठून गेले. शेगडीवर दूध नव्हते. घरात दूधच नव्हते. मी ओट्याला धरून उभी राहिले. अंगावर काटा आला होता, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की तो आनंदच मला त्या काट्यापेक्षा भयंकर वाटला. सात महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. गोळी घेतली तर तो पुन्हा जाईल हे मला ठाऊक होते. आणि गोळी घेतली नाही तर काय होईल, हेही ठाऊक होते. पहिल्या वेळी बिजागऱ्या काढायला ताई होती. आता आत कडी लावून बसले, तर बाहेर कुणी नव्हते.

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी देवळात सात दिवसांचा सप्ताह असतो. ते सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दिवसा बायका, रात्री पुरुष, असे तासातासाचे पहारे लावतात. ज्याचा पहारा त्याने वीणा गळ्यात अडकवून देवापुढे उभे राहायचे, एका हाताने तार छेडत राहायचे आणि नाम घ्यायचे. तास संपला की पुढचा माणूस येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मध्ये जमिनीला लागायची नाही, तार थांबायची नाही. इंदूमावशींनी माझे नाव पाचव्या दिवशी दुपारी दोन ते तीन असे लिहिले. मी नाही म्हटले. ताप आहे म्हटले, छापखान्यात काम आहे म्हटले. त्या म्हणाल्या, “तुम्हीच नाही म्हणायला लागलात, तर आम्ही कुठल्या तोंडानं उभं राहायचं?” त्यांना खरे सांगायची ती वेळ होती. मी होकार दिला.

त्या दिवशी मी जेवले नव्हते आणि दोन रात्री झोपले नव्हते. दोन वाजता वीणा गळ्यात आली. दुपारची वेळ, आरती-नैवेद्य आटोपलेला, गुरवबुवा आतल्या खोलीत लवंडलेले, देवळात कुणी नाही. थंडीचे ऊन पायरीपर्यंत आले होते. मी तार छेडू लागले. पाच-दहा मिनिटे बरी गेली. मग मी नाम घेतले की माझ्याआधी कुणीतरी ते घेऊ लागले. एक नाम पुढे. मी वेग वाढवला, आवाजाने वेग वाढवला. पूर्वीचा तो भिंतीपलीकडचा आवाज आता गाभाऱ्यातून येत होता, आणि मधूनच त्यात ताईचा आवाज मिसळत होता. माझा खांदा उडाला, वीणा भोपळ्यासकट छातीवर आपटली. बोटे तारेवरून घसरू लागली. जबडा इतका हलत होता की मला नाम उच्चारता येईना. वीणा पडणार, हे मला स्पष्ट दिसले. पाच दिवसांचा सप्ताह मोडणार आणि तो मी मोडणार. आणि वीणा पडली की मीही तिच्याबरोबर पडणार, आणि या वेळची पडलेली मी पुन्हा उठणार नाही.

मदतीला कुणी आहे का म्हणून मी दाराकडे पाहिले. पायरीवर एक नऊवारीतली बाई बसली होती, आणि तिच्या शेजारी चाळिशीचा एक माणूस. तो माझ्याकडे बघत होता. त्याचा खालचा ओठ पुढे आला, मागे गेला. जीभ गालातून फिरली. जबडा रवंथ केल्यासारखा हलला. ते माझे तोंड होते. माझे तोंड त्या माणसाच्या चेहऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होते. आयुष्यात इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. मला वाटले, संपले. आता मी दिसेल त्यात स्वतःलाच बघत राहणार.

ती बाई उठून आत आली. तिने आधी देवाला हात जोडले, मग माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. पाया पडली नाही.

“बाई, गोळ्या खाता न्हवं तुमी?” तिने हळू विचारले.

मी म्हणाले, “खात होते.”

“सोडल्या व्हय?”

मी मान हलवली.

“आन कायबाय ऐकू यायलंय?”

आठ महिन्यांत मला कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पुसायला हात मोकळा नव्हता. तिने हात पुढे केले. “द्या ती हिकडं.” मी विचारले, तुम्हाला वाजवता येते का. ती म्हणाली, “वाजवाया न्हाई येत. धराया येतं की.”

मी वीणा सोडली तर देव काय म्हणेल असे काहीतरी पुटपुटले. त्यावर ती म्हणाली, “द्येव काय म्हनंल ते मी बगते. तुमी डाक्टरकडं जावा.” आणि तिने वीणा माझ्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली. लेकरू कडेवर घ्यावे तशी धरली, आणि एका बोटाने तार वाजवू लागली, ताल नाही, सूर नाही, पण थांबली नाही. वाजवता वाजवताच तिने मला सांगितले. ती मांजरी गावची होती. बाहेर बसलेला तिचा दीर. त्याला दवाखान्यात दाखवायला आणले होते, मांजरीची बस चुकली म्हणून दोघे उन्हाला टेकले होते. “ह्यानंबी अशाच सोडल्या हुत्या. चार दिस घावला न्हाई. दौंडाकडं रुळाच्या कडंला बसल्याला घावला, पायात वहाना न्हाईत. मंग डाक्टरनं गोळी बदलून दिली. तोंड हलतंय ते हलतंयच. पर मानूस घरात हाय.”

मी पायरीवर येऊन बसले. तिचा दीर सरकला आणि त्याने मला जागा दिली. आम्ही दोघे शेजारी शेजारी बसलो, दोघांची तोंडे हलत होती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पयल्यांदा लई भ्या वाटतं.” एवढेच. आत तार वाजत होती, आणि आश्चर्य म्हणजे त्या बेसूर तारेच्या पुढे कुणी काही वाचत नव्हते. किंवा वाचत असेल, माझे तिकडे लक्ष नव्हते. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. ते कुरूप नव्हते. ते एका दमलेल्या, शहाण्या माणसाचे तोंड होते.

तीनला पाच कमी असताना इंदूमावशी त्यांच्या पहाऱ्यासाठी आल्या. देवापुढे अनोळखी बाई वीणा घेऊन उभी आणि मी पायरीवर, हे बघून त्या दारातच थबकल्या. मी त्यांना सगळे सांगितले. आजार, गोळ्या, तोंड, न दिलेला मंत्र, ताईचा आवाज, उपाशी पोट. एका दमात, क्रम सोडून. त्यांचा चेहरा हलला नाही. मी संपवल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे श्रावणापासून आम्ही पाया पडतोय ते गोळ्यांच्या?”

मला वाटले, आता त्या निघून जातील. त्यांनी पदर खोचला. मग त्यांनी विचारले, “डॉक्टर किती वाजता बसतात?”

आत जाऊन त्यांनी रीतीप्रमाणे त्या बाईच्या पायांना हात लावला, तिने त्यांच्या, आणि वीणा त्यांच्या गळ्यात गेली. ती बाई बाहेर आली, पदराने तोंड पुसले, इंदूमावशींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की उपाशी बाईला हुबं करू नये, आणि दिराला उठवून निघाली. मी तिचे नाव विचारले नाही. सुचलेच नाही. पुढे दोन-तीनदा मी दवाखान्याच्या बाहेर तिची वाट पाहिली; ती दिसली नाही. इंदूमावशी आजही म्हणतात की त्या दिवशी कोण आले होते ते आपल्याला कळायचे नाही. मी त्यावर वाद घालत नाही. त्या बाईच्या टाचांना भेगा होत्या, तिच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी होती, बस चुकल्याचा वैताग तिच्या तोंडावर होता. ती माणूस होती. आणि तरीही एवढ्या मोठ्या शहरात, त्या तासाला, त्याच पायरीवर तिला कुणी बसवले, हे मी दत्ताला अजून विचारते.

चार वाजता इंदूमावशींचा पहारा संपला. त्यांनी रिक्षा केली आणि मला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हातारे झाले होते. ताई गेल्याचे इंदूमावशींनीच सांगितले, ते वाक्य मला बोलावे लागले नाही. डॉक्टर मला ओरडले नाहीत. त्यांनी स्वतःलाच दोष दिल्यासारखे केले की इतक्या महिन्यांत आपण निरोप पाठवायला हवा होता. मग नीट समजावले. मी वाचले होते ते खरे होते, पण अर्धे होते. गोळी एकदम तोडली की या हालचाली उसळतात आणि जुना आजारही परत येतो. त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू, दुसऱ्या औषधाकडे वळायला हवे. हालचाली कमी होतील. पूर्ण जातील का, असे मी विचारले. ते म्हणाले, “मी खोटं सांगणार नाही. कदाचित नाही जाणार.” मग मी विचारले, माझ्या बहिणीचा आवाज? त्यांनी चिठ्ठीवरून पेन उचलले. “तो जाईल,” ते म्हणाले.

तो जायला पंधरा दिवस लागले. रोज थोडा दूर जात होता, शेजारच्या घरातून आल्यासारखा, मग गल्लीतून, मग नुसता आहे असा भास. एका सकाळी तो नव्हता. ताई चैत्रात गेली तेव्हा मी रडले नव्हते, गोंधळले होते. या वेळी रडले. तिचे दुसरे सुतक मी एकटीने धरले, आणि त्यातून निघाले तेव्हा घरात कुणी वाचत नव्हते. फक्त मी होते, आणि माझे हलणारे तोंड. ते वर्षभरात निम्म्याहून कमी झाले. आजही थांबलेले नाही. देवळातल्या बायकांना इंदूमावशींनी आपल्या पद्धतीने सांगून टाकले, “बाईंना औषधाचा त्रास आहे, पाया पडायचं तर देव समोर आहे.” काही जणी ओशाळल्या, एक-दोघी रुसल्या. त्या दिवसापासून इंदूमावशी मात्र मला अहो म्हणायच्या थांबल्या आणि अगं म्हणू लागल्या.

डॉक्टरांनी एक काम सांगितले होते. या हालचाली ज्याच्या त्याला कळत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा घरच्या कुणीतरी समोर बसून पूर्ण एक मिनिट बघायचे, आणि वाढल्या असतील तर लगेच कळवायचे. घरचे कुणी आहे का, असे त्यांनी विचारले. मी काही बोलायच्या आत इंदूमावशी म्हणाल्या, “आहे.”

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी त्या येतात. मी खुर्चीवर बसते, चपला काढलेल्या, हात गुडघ्यांवर. तोंड थोडे उघडायचे, जीभ सैल सोडायची, आवरायचे नाही. हे न आवरणेच सगळ्यात अवघड आहे. शरण जाणे म्हणजे डोळे मिटून देवावर टाकणे, असे मी समजत होते, आणि तसे टाकूनही पाहिले. आता मला वाटते, आपले जे सगळ्यात नकोसे आहे ते झाकायचे हात खाली घ्यायचे आणि कुणाला तरी ते बघू द्यायचे, इतपतच ते माझ्याच्याने होण्यासारखे आहे. ज्याने कुणी त्या दुपारी माझ्या गळ्यातले ओझे काढून घेतले, त्याने माझ्याकडून यापेक्षा जास्त मागितलेले नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

इंदूमावशी चष्मा लावतात, घड्याळ हातात घेतात आणि म्हणतात, “हं, कर सुरू.” मला त्या मिनिटाची दर वेळी भीती वाटते. मी तोंड उघडते.